निघायचंय, मॅडम

१

दुपारच्या वेळी चष्म्याच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नसे. नणंदबाई पुढे काउंटरवर हाताची उशी करून डुलकी काढत आणि मागच्या खोलीत मेजरीण काचा घासत बसे. ओल्या चाकावर भिंगाची कड धरायची, फ्रेमच्या खाचेत बसते का बघायचं, नाही बसली तर पुन्हा चाक. आल्यापासूनच्या थोड्या दिवसांत तिचा हात चांगला बसला होता.

मेजरीण हे नाव नणंदेनंच ठेवलेलं. नवरा सैन्यात मेजर, पण घरात हुकूम सुटायचे ते हिच्या तोंडून. "आमचा भाऊ बाहेर मेजर, घरात शिपाई," असं नणंद लग्नातच म्हणाली होती आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्याची नेमणूक परदेशात झाली तेव्हा ती लेकीला घेऊन त्याच्याबरोबर गेली. तिथं लढाई पेटली आणि अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना तातडीनं परत धाडलं. नवरा तिथंच राहिला. मायलेकी एकेका बॅगेनिशी सासूबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खाली दुकान, वर घर. "घर तुझंच आहे," सासूबाई म्हणाल्या होत्या, "दारात उभी काय राहतेस परक्यासारखी?"

त्या दिवशी ती चहासाठी वर गेली, तर जिन्याच्या टोकाला घराचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि किल्ली कुलपात, बाहेरच्या बाजूनं लटकत होती.

सासूबाई म्हणजे दूध आणायला उतरल्या तरी कुलूप ओढओढून बघणारी बाई. किल्ली त्यांच्या उशाखाली झोपायची. मेजरीण आत गेली. भर दुपारी खोल्यांचे सगळे पडदे ओढलेले होते आणि अंधारात सासूबाई बॅगेत घड्या घालून कपडे भरत होत्या.

"आई, किल्ली बाहेर राहिली."

"राहिली नाही गं, ठेवलीय. तुमच्या खात्यातला माणूस येऊन गेला ना. म्हणाला, एकच बॅग भरा, पडदे ओढून घ्या आणि किल्ली बाहेर कुलपातच राहू द्या. किती अदबीनं बोलला! आत या म्हटलं, चहा घ्या म्हटलं, पण जिन्यातूनच बोलला."

मेजरिणीनं उचललेला चहाचा डबा तिच्या हातातच राहिला. हे शब्द तिनं ऐकले होते. याच क्रमानं.

"कुठं जायचंय म्हणाला?"

सासूबाई थांबल्या. मीठ घातलं की नाही हे आठवत नसलं की माणूस जसं बघतं, तशा त्या क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते बाई मी विचारलंच नाही."

२

तिकडे त्यांना राहायला तिसऱ्या मजल्यावरचं घर होतं. खालीवर, समोर, सगळी कुटुंबं सैन्यातलीच. समोरच्या घरात डॉक्टरीणबाई राहायची. म्हणजे तिचा नवरा सैन्यातला डॉक्टर. तिला स्वतःला रक्त बघितलं की घेरी यायची आणि त्यावरून दोघी खो खो हसायच्या.

निघायच्या दिवशी सकाळपासून लांबून धडाडधुम चाललं होतं. खिडक्या हादरायच्या. मुलीला मांडीवर घेऊन मेजरीण फोनपाशी बसली होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली. स्वच्छ गणवेशातला एक माणूस उभा होता. बुटांवर तेवढी पिवळसर धूळ होती.

"निघायचंय, मॅडम. एकच बॅग. पडदे ओढून घ्या आणि किल्ली बाहेर कुलपातच राहू द्या."

खाली राखाडी पडद्यांची बस उभी होती. समोरची डॉक्टरीण तयार होऊन बाहेरसुद्धा आली होती. "चल गं," ती म्हणाली, "विचार कसला करतेस?"

"नवऱ्याचा फोन आल्याशिवाय मी जागची हलणार नाही," मेजरीण म्हणाली. कुठल्याही शंकेनं नव्हे. तिचा स्वभावच तसा होता; दुसऱ्यानं घाई केली की ती पाय रोवायची.

तो माणूस रागावला नाही. "बरं मॅडम," म्हणाला. "मग पुन्हा येतो." आणि डॉक्टरिणीची बॅग उचलून खाली उतरला. वळणावर डॉक्टरिणीनं हात हलवला होता.

मग खरोखरच मेजरचा फोन आला, उघडे ट्रक आले, आरडाओरडा करणारे, घामानं निथळणारे जवान आले. कोणी मॅडम म्हटलं नाही. धरून वर चढवलं. विमानतळावर तिनं डॉक्टरिणीला खूप शोधलं. "आधीच्या विमानानं गेली असेल," कोणीतरी म्हणालं. त्या गर्दीत कोणाला कोणाची शुद्ध होती?

इथं आल्यावर तिनं डॉक्टरिणीच्या नंबरवर पुष्कळदा फोन लावून बघितला. घंटी वाजायची. फोन कोणी उचलत नसे.

३

मेजरीण भुताखेतांना भिणारी नव्हती. तिनं साधा सरळ विचार केला. हा कोणीतरी लफंगा आहे. सैन्यातल्या कोणाची बायकामुलं परत आलीत हे हुडकायचं, गणवेश चढवायचा, म्हाताऱ्या माणसांना घाबरवायचं, किल्ली बाहेर ठेवायला लावायची आणि घर साफ करायचं. चोरीची छान युक्ती.

तिनं किल्ली काढून घेतली, बॅग उपसली, सासूबाईंना चार गोष्टी सुनावल्या आणि सैन्याच्या कुटुंबकल्याण कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाईनं दोन ठिकाणी विचारून सांगितलं, "आमच्याकडून कोणीही पाठवलेलं नाही. आणि तुम्ही तर घरी पोचलात, मॅडम. आता तुम्हाला कुठं न्यायचं?"

बरोबरच होतं. आता कुठं न्यायचं?

आजूबाजूलाही सावध करावं म्हणून ती गल्लीत उतरली. समोर शिंप्याचं घर. दाराला बाहेरून किल्ली. शेजारी पियानो शिकवणाऱ्या बाईंचं घर, किल्ली. पलीकडे दाताच्या डॉक्टरांचं, तिथंही. ती चालत गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. प्रत्येक दाराच्या कुलपात किल्ली लटकत होती आणि लख्ख उन्हात प्रत्येक खिडकीचा पडदा ओढलेला होता. वारा नव्हता. तरी किल्ल्या अगदी बारीक हलत होत्या.

शिंपी तिची चाहूल लागून बाहेर आला. गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचणी. भला माणूस, तिच्या लेकीच्या बाहुलीला त्यानं उरलेल्या चिंध्यांचा कोट शिवून दिला होता.

"काका, ही किल्ली अशी बाहेर का?"

त्यानं टाचणी काढून कॉलरला टोचली. "साहेबांनी सांगितलं ना. तुमच्याकडचेच ते."

"माझ्याकडचं कोणी नाही. कुठं जायचंय तुम्हाला?"

शिंपी विचारात पडला. "कुठं ते..." तो म्हणाला, आणि ओशाळं हसला. "जायचंय एवढं खरं."

४

संध्याकाळी मेजरचा फोन आला. मधे मधे आवाज फुटत होता, पण त्याचाच होता. सासूबाई शेजारी बसलेल्या, म्हणून मेजरीण 'अहो' म्हणाली. एरवी दोघं एकमेकांना 'तू'च म्हणत.

"अहो, जेवता ना वेळेवर?"

"आई शेजारी आहे वाटतं," तो हसला.

तिनं फोन घेऊन आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. "एक सांग. त्या दिवशी ट्रकच्या आधी बस तूच पाठवली होतीस ना?"

"कसली बस?"

"राखाडी पडद्यांची. डॉक्टरीण गेली ना त्यातून."

खरखर वाढली. तिला वाटलं, फोन तुटला.

"आपल्याकडे बस नव्हतीच," मेजर सावकाश म्हणाला. "सगळे ट्रक होते. इथं डॉक्टर रोज त्या ट्रकवाल्यांशी भांडतोय, माझ्या बायकोला का नाही आणलंत म्हणून. ते म्हणतात, दारावर थापा मारल्या, उत्तर नाही. किल्ली बाहेर कुलपातच होती." मग त्याचा आवाज बदलला. "तू का विचारतेयस हे? ऐक, तुमच्याकडे कोणी..."

फोन तुटला तो तुटलाच. दुसऱ्या दिवशी बातम्यांत सांगितलं, त्या शहराशी संपर्क उरलेला नाही.

५

मुलीचं नाव भिंगरी पडलं होतं, कारण ती एका जागी ठरत नसे. ती भिंगरी आता घरात येताजाता एकाच जागी दिसू लागली: दाराजवळ, आपल्या बॅगेवर बसलेली. पाय जुळवलेले, हात मांडीवर.

"इथं काय करतेयस गं?"

"काका येणारेत."

"कुठे भेटले तुला काका?"

"दुकानाच्या काचेतून. बाहेर उभे असतात ना." मग भिंगरीनं शहाण्या मुलीसारखं विचारलं, "आई, तू तुझी बॅग का भरत नाहीस?"

मेजरिणीनं तिची बॅग उघडली. कपडे, बाहुली, बुटांचा जोड, सगळं काही नीट. सात वर्षांच्या पोरीला इतक्या सरळ घड्या येत नाहीत. तिनं सगळं पलंगावर उलटं केलं आणि रिकामी बॅग माळ्यावर फेकली.

आणि मग तो आवाज. काचा घासायचं चाक चालू असताना त्याखालून आणखी एक घुरघुर येते आहे असं तिला वाटायचं. चाक बंद केलं तरी घुरघुर राहायची. कान वाजत असतील. इतके स्फोट ऐकल्यावर कान वाजणारच. तिनं बोळे घालून बघितले. मग एकदा तिची नजर नंबर तपासायच्या भिंगांच्या पेटीकडे गेली. मखमलीच्या खाचांतून बसवलेली सगळी भिंगं आपल्या जागी हळूहळू किणकिणत होती. तिनं दुकानाच्या दर्शनी काचेला तळवा लावला. काच थरथरत होती. बाहेर मोठी गाडी इंजिन चालू ठेवून उभी असावी तशी. बाहेर तर कुणीच नव्हतं. ऊन होतं आणि बंद पडदे होते.

"ताई, तुम्हाला ऐकू येतंय का?"

नणंद काउंटरवरून उठून आली. तिला जगात फक्त नजरेचा दोष मान्य होता, बाकी सगळं लोकांच्या डोक्यात असतं असं तिचं मत. तिनं काचेला हात लावला, लगेच काढला आणि झग्याला पुसला. "मालट्रक असेल मोठ्या रस्त्यावर," ती म्हणाली. पण त्यानंतर ती दुपारी कधी झोपली नाही.

घाबरायचं तेवढं मेजरीण घाबरली. मग तिला राग आला. एकदा तिनं आपलं मांडलेलं घर सोडलं होतं. तिच्या कुंड्या, तिची पुस्तकं, भिंतीवर भिंगरीची उंची मोजलेल्या खुणा, सगळं तिथंच राहिलं होतं. तेव्हा ती रडली नव्हती. आता हा कोण कुठला येऊन तिला पुन्हा उठवणार? आणि तेही कुठून, तर नवऱ्याच्या आईच्या घरातून?

तिनं घरातले सगळे पडदे उतरवले आणि बादलीत भिजत घातले. सासूबाई आ वासून बघत राहिल्या. "अगं, बाहेरून सगळं दिसेल!"

"दिसू दे. आतूनही दिसेल."

दाराच्या दोन्ही किल्ल्या तिनं गोफात ओवून गळ्यात अडकवल्या. मग गल्लीत उतरून घरोघर जाऊन किल्ल्या काढून लोकांच्या हातात दिल्या. पियानोच्या बाईंनी आभार मानले. दाताच्या डॉक्टरांनी वेड्यात काढलं. शिंप्यानं किल्ली घेतली, आणि ती दुकानाच्या पायरीपर्यंत परतते न परतते तोच मागे कुलपात किल्ली सरकल्याचा आवाज आला.

६

तो आला तेव्हा भर दुपार होती. भिंगरी खाली दुकानात ताईपाशी बसली होती. सासूबाई आपल्या खोलीत होत्या. जिन्यावर पावलं वाजली नाहीत. थेट दारावर टकटक झाली. मऊ, समंजस टकटक.

मेजरिणीनं दार उघडलं आणि दोन्ही हात चौकटीवर रोवून उभी राहिली.

तोच होता. तोच कडक इस्त्रीचा गणवेश. बुटांवर तीच पिवळसर धूळ, जी या गावात कुठंच नव्हती. चेहरा मात्र असा, की बघता बघता विसरावा.

"निघायचंय, मॅडम."

"आम्ही पोचलोय."

"हो मॅडम," तो म्हणाला, जणू तिनं वेळ विचारली होती. "गाडी खाली आहे."

जिन्यातल्या छोट्या खिडकीतून तिनं खाली बघितलं. त्या गल्लीत दूधवाल्याची गाडीसुद्धा उलटी चालवत बाहेर काढावी लागे. तिथं भिंतीपासून भिंतीपर्यंत राखाडी पडद्यांची बस उभी होती. आत कशी आली, देव जाणे. शिंपी आणि त्याची बायको हातात एकेक बॅग घेऊन पायरी चढत होते.

"काका! चढू नका!" ती ओरडली. "काका, उतरा खाली!"

शिंप्यानं मान वर केली. "येतो हं," तो म्हणाला, सहज, रोजच्यासारखा, आणि बायकोच्या मागोमाग आत गेला.

"उशीर होतोय, मॅडम," दारातला माणूस म्हणाला. "मेजरसाहेब गाडीत बसलेत. तुमचीच वाट बघतायत."

मागून काहीतरी आपटलं. सासूबाई बॅग हातात घेऊन उभ्या होत्या. ती बॅग त्यांनी कधी भरली कोणास ठाऊक. "माझा मुलगा आलाय? खाली आलाय? सर गं, सर बाजूला!"

मेजरिणीनं पुन्हा खिडकीतून बघितलं. बघायला नको होतं. बसच्या एका खिडकीचा पडदा बोटभर सरकलेला होता. फटीतून मान दिसत होती. बारीक कापलेले केस, गणवेशाची कॉलर, आणि कॉलरच्या जरा वर तो उलटा भोवरा, जो कुठल्याही न्हाव्याला कधी बसवता आला नव्हता. त्या भोवऱ्यावरून बोट फिरवल्याशिवाय ती लग्नानंतर कधी झोपली नव्हती. तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर गेलासुद्धा.

मग तो पाय तिनं मागे घेतला. सासूबाई शेजारी आहेत, गल्ली ऐकते आहे, हे सगळं ती विसरली.

"तू असशील तर उतर!" ती खिडकीतून ओरडली. "ऐकतोस का? मी येणार नाही खाली! तू असशील तर उतर आणि चार पायऱ्या चढून वर ये!"

मान हलली नाही. पडद्याआडच्या कुठल्याच खिडकीत काही हललं नाही. इंजिन घुरघुरत राहिलं.

"दुखापत झालीय, मॅडम," माणूस हळू म्हणाला. "चालता येत नाही त्यांना."

"मग तुला येतं ना? आण उचलून."

तो जागचा हलला नाही. सासूबाई तिच्या पाठीवर, दंडावर दोन्ही मुठींनी मारत होत्या. "सोड मला! तुला नकोय तो! माझ्या पोटचा आहे!" मेजरीण चौकट सोडेना. तोवर आवाज ऐकून ताई भिंगरीला घेऊन मागच्या जिन्यानं वर आली. तिनं भिंगरीला आतल्या खोलीत कोंडलं, आईला मागून मिठी घातली आणि आहे तिथं जमिनीवर फतकल मारून बसली. दोघी मायलेकी रडत होत्या.

"नंतर जागा राहणार नाही, मॅडम."

"न राहू दे." मेजरिणीचा आवाज ठाम होता. "एकदा घर सोडलं मी. माझ्या माणसानं सांगितलं म्हणून सोडलं. आता मला कोणी उठवायचं नाही. तू नाही, तुझा साहेब नाही, आणि त्या गाडीत मान वळवून बघण्याची ज्याला हिंमत नाही, तो तर मुळीच नाही. जा."

त्यानं पहिल्यांदाच चेहरा वर करून तिच्याकडे नीट बघितलं. काय दिसलं ते तिला पुढे सांगता आलं नाही. ताईनं मात्र जमिनीवर बसल्या बसल्या बघितलं होतं. आयुष्य लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलं होतं तिचं. "कुणाच्याही डोळ्यांत बघ," ती नंतर म्हणाली, "समोरची खिडकी बारीकशी दिसते. मेलेल्या माशाच्या डोळ्यांतसुद्धा दिसते. त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं गं. समोर एवढी उजेडाची खिडकी, आणि काहीच नव्हतं."

"बरं, मॅडम," तो म्हणाला.

तिनं दार लावून घेतलं. जिन्यावर पावलं वाजली नाहीत.

७

शिंप्याच्या दाराची किल्ली कुलपातच राहिली. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही तशीच होती. लोक म्हणाले, लेकीकडे गेली असतील दोघं. लेकीचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. बस आलेली कोणी बघितली का, असं मेजरिणीनं घरोघर विचारलं. सगळे त्या वेळी झोपले होते. मात्र संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या किल्ल्या एकेक करून आत गेल्या, आणि का काढल्या हे कोणी बोललं नाही.

सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, पण तोंडातून शब्द नाही. भिंगरी दोन दिवस तापानं फणफणली आणि तिसऱ्या दिवशी उठून पूर्वीसारखी घरभर नाचू लागली. तिला काही आठवत नव्हतं.

मेजरिणीला सगळं आठवत होतं. सगळ्यांत जास्त ती मान. ती काचा घासायची आणि मनात एकच गोष्ट चाकासारखी फिरायची. तोच असता तर? खरंच जखमी असता, वळता येत नसतं, ऐकू येत नसतं तर? स्फोटानं कान गेलेली माणसं तिनं बघितली होती. आपल्या हट्टापायी आपणच त्याला परत धाडलं असेल तर? कधी वाटायचं, धावत मोठ्या रस्त्यावर जावं आणि ती बस शोधावी. नेमका असा विचार आला की घुरघुर जरा जवळ आल्यासारखी वाटायची. मग ती दात आवळून पुढची काच हातात घ्यायची.

"आई म्हणतात ते खरं असेल का हो, ताई?" तिनं एकदा विचारलं.

ताईनं फ्रेमचा स्क्रू घट्ट केला. "आमचा भाऊ," ती म्हणाली, "लहानपणी झाडावरून पडून पाय मोडला तेव्हा सरपटत घरी आला होता. बोंबलत, सगळी आळी गोळा करत. गाडीत गप्प बसून राहणाऱ्यातला तो नाही."

मेजरीण कितीतरी दिवसांनी हसली. मग रडली. मग चाक सुरू केलं.

८

रोज दुपारी ती वरच्या दारासमोर खुर्ची टाकून बसू लागली. दार नुसतं लोटलेलं, मांडीवर दुरुस्तीच्या फ्रेमा. अशीच बसली असताना जिन्यावर पावलं वाजली. जड, अडखळती, मधे थांबून धापा टाकणारी. दारावर थाप पडली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"अगं, मी."

आवाज त्याचाच. तरी ती खुर्चीवरून उठली नाही. स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"दार उघडंच आहे," मेजरीण म्हणाली. "आत ये."

दार हललं नाही. तिच्या हातून मांडीवरच्या फ्रेमची दांडी मोडली, तरी तिला कळलं नाही. मग दार ढकललं गेलं.

कोणाचा तरी उसना शर्ट, वाढलेली दाढी, हाताला बँडेज. तो आत आला आणि उभ्यानंच भिंतीला टेकला. ती त्याच्याजवळ गेली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि डोळ्यांत बघितलं. दोन्ही डोळ्यांत बिनपडद्याची खिडकी होती, इवलीशी, चौकटीसकट.

"काय बघतेस?" तो म्हणाला.

"नंबर वाढलाय तुझा," ती म्हणाली, आणि त्याच्या छातीवर तिनं डोकं टेकलं.

सासूबाईंनी दोघांना एकदम कवेत घेतलं. बऱ्याच वेळानं, भिंगरी बापाच्या मांडीवर चढून बसल्यावर, तो बोलू लागला. तिकडे संपर्क तुटल्यानंतर एक बस आली होती. गणवेशातला माणूस म्हणाला, साहेब, निघायचंय. मॅडम आणि मुलगी गाडीत बसल्यात.

ताई काही बोलणार होती, पण मेजरिणीनं तिचा हात दाबला.

"खिडकीत तुझा हात दिसत होता," मेजर म्हणाला. "तुझाच. करंगळीवरच्या भाजल्याच्या डागासकट. मी निघालोच होतो. मग वाटलं, ही असती तर एव्हाना उतरून मला चार शब्द सुनावले असते, इतका वेळ काय करतोस म्हणून. मी तिथंच उभा राहिलो. गेली मग बस. तिथून इथवर कसाबसा पोचलो."

"आणि डॉक्टर?"

त्यानं भिंगरीच्या केसांवर हनुवटी टेकवली. "त्याला त्याची बायको दिसली. मी हाताला धरून ओढलं होतं त्याला."

 सासूबाई उठल्या, चहा करून घेऊन आल्या. सुनेच्या हातात कप देताना त्यांनी तिच्या दंडावरून, जिथं मारलं होतं तिथं, हात फिरवला. "मी तुला फार..." त्या म्हणाल्या.

तेवढ्यात खाली गल्लीत हॉर्न वाजला. लांबलचक, अदबशीर हॉर्न. टेबलावरच्या बश्या किणकिणल्या. भिंगरीनं बापाचा शर्ट मुठीत घट्ट आवळला. मेजरीण खिडकीकडे जायला उठली, तसं सासूबाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"वाजवू दे मेल्याला," त्या म्हणाल्या. "बघायला कोणी जायचं नाही. साखर कोणाला हवीय अजून?"

हॉर्न बराच वेळ वाजत राहिला. चहा कोणीच गार होऊ दिला नाही.